गोल चकतीचं तळण

“गॅस बंद करा! अहो, गॅस बंद करा आधी!”

ही माझी बायको. स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात चकलीची पितळी चकती, पायात अजून चप्पल, आणि आवाज असा की मुकुंदवाडी स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल नसताना सुटावी. समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली ती मला वाटतं अजून खाली बसलेली नाहीत.

पण आवाजाचं सोडा. आमच्या घरात चुलीवर कढई असताना माणसानं तोंड उघडलं, ही गोष्ट माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होती. कढईपुढं माझी आई होती. पुढं वाकलेली, डोळ्यावरचा काळा चष्मा कपाळावर सरकवलेला. आणि कढईत, तिच्या एकुलत्या एक चालू डोळ्यापासून हातभर अंतरावर, काहीतरी फुगत होतं.

काय फुगत होतं, ते सांगायला मागं जावं लागेल.

आमच्या आईचा एक नियम होता. तळणापुढं बोलायचं नाही. तेल गॅसवर ठेवलं की घराला कुलूप. घर म्हणजे माणसांची तोंडं. “तेल ऐकतं,” ती म्हणायची, आणि हे ती तेल चढवायच्या आधी म्हणायची, कारण नंतर तीही बोलायची नाही. तिचं माहेर वैजापूरकडचं. तिच्या लहानपणी तिच्या चुलतीनं भरल्या कढईपुढं नुसतं “किती राहिलं गं अजून?” एवढं विचारलं आणि कढई पेटली. आई सांगायची तेव्हा ज्वाळा आढ्याला लागायच्या. मी सांगतो तेव्हा अंगणातला लिंब जळतो, आणि ऐकणारा नवखा असेल तर वैजापूरच्या मोंढ्यात विकायला आलेला कापूससुद्धा धोक्यात येतो. चुलतीच्या हातावर मात्र कोपरापासून मनगटापर्यंत चट्टे होते. ते मी पाहिलेत. ते वाढवून सांगायची मला कधी गरज पडली नाही.

तर नियम असा. आमच्या घरात दिवाळीच्या तळणाला माझ्या काकाला विंचू चावला होता. माणूस पाटावर बसून घामानं निथळत राहिला, पण घाणा निघेपर्यंत ‘आई गं’ म्हणाला नाही. कढई उतरल्यावर तो एकदाच ओरडला, सगळं साचलेलं, आणि लोक म्हणतात तो विंचूच घाबरून मेला. हे काकाही सांगायचा, म्हणजे खरंच असणार.

बोलायचं नाही म्हटल्यावर खुणा आल्या. आईची तर्जनी खाली वळली की गॅस बारीक. वर गेली की मोठा. मूठ आवळली की बंद. नोकरीतून मोकळा झाल्यापासून गॅसच्या बटणावर माझी नेमणूक होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाच्या बोटाकडं मी इतक्या धाकानं पाहिलं नसेल.

आता डोळ्याचं. आईचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. ती त्याला ‘तो मुक्कामाला गेला’ म्हणायची. उजव्यात मोतीबिंदू पिकला, तो उन्हाळ्याच्या तोंडावर काढला. डॉक्टरीणबाई वयानं लहान, जिभेनं कडक. पट्टी काढली, काळा चष्मा चढवला आणि आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करून म्हणाल्या, “नीट ऐका. यांच्याकडं हा एकच आहे. वाकायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही, धूर नाही, वाफ नाही, फोडणी नाही. चष्मा काढायचा नाही. याला काही झालं तर माझ्याकडं दुसरा ठेवलेला नाहीये.”

“मग करायचं काय दिवसभर?” आईनं विचारलं.

“बसायचं, आजी.”

परतताना आई रिक्षात नवा चष्मा चाचपत बसली. सिडकोच्या चौकात म्हणाली, “बाई चांगली हाय. पन तिला तळता येत नसनार.”

आईला तो डोळा कशाला हवा होता, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. माझी लेक बिडकीनकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिला कंपनी मेक्सिकोला धाडत होती, सहा-आठ महिन्यांसाठी. आमच्या घरातून आजवर सगळ्यात लांब गेलेलं माणूस म्हणजे मी, आणि मी गेलो होतो नागपूरला, दीक्षाभूमीला. आई एकच धोशा लावून बसली होती. “पोरगी इमानात बसंल, इमान आपल्या गच्चीवरनं जाईल. ते मी माझ्या डोळ्यानं बघनार. मग डोळा गेला तरी गेला.”

“असं बोलू नका हो आई,” बायको म्हणायची.

“काहून? तेल थोडंच चढलंय?”

विमानतळ आमच्यापासून इतका जवळ की विमान उतरताना मला कधीकधी पायलटच्या मिशा दिसतात. तेव्हा आईची मागणी काही फार मोठी नव्हती. फक्त तोपर्यंत तो डोळा सांभाळायचा होता.

आणि मग आजीनं नातीला विचारलं की तिथं खातात काय.

लेकीनं मोबाइल आजीच्या नाकाशी धरला. काळ्या चष्म्याच्या वरून, खालून, शेवटी एका बाजूनं बघत आईनं फोटो तपासला. सोनेरी, लांब, रेघारेघांच्या कांड्या, वर साखर भुरभुरलेली.

“चुरोस म्हणतात आजी. तिकडं गल्लोगल्ली मिळतात.”

“हे? ही तर चकली.”

“चकली नाही गं. गोड असतं.”

“चकलीच हाय. येटोळं घालायचा आळस केलाय.” आईनं मोबाइल परत दिला. “आळशी लोकांत चाललीस.”

पण त्या फोटोनं तिला धरलं. दोन दिवस ती खाटेवर बसून नातीला एकेक प्रश्न टाकत होती. पीठ कशाचं? मैद्याचं. मोहन? नाही, पाणी उकळायचं, त्यात मीठ, जरा साखर, तेल, आणि मैदा एकदम ओतून घोटायचा. “म्हंजे उकड,” आई म्हणाली आणि तिच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. उभ्या जन्मात न पाहिलेला देश तिनं उकडीच्या एका शब्दात पालथा घातला. “मोदकाला करतेत तीच उकड. ती सोऱ्यात घालून तळायची. झालं तुमचं मेक्सिको. पोरगी जायच्या आधी मी करून घालते. तिथं गेल्यावर तिला कळाय पायजे चांगलं कुनाचं.”

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “आई, डोळा आहे की खेळ?”

“मी नुसती उभी ऱ्हाते. हात तुमचे.”

“तुम्ही उभ्या राहिल्या की हात आमचे राहत नाहीत.”

यावर आई हसली. घरातले सगळे हसलो. ते हसणं आता आठवलं की मी विषय बदलतो. कारण त्या घडीला कुणी नाही म्हणालं असतं तर पुढचं काही झालं नसतं, आणि नाही म्हणणारी एकटीच होती, आणि तिला आम्ही हसून घालवलं होतं.

तो दिवस उजाडला तोच वाकडा. नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या भागात पाणी येतं ते पाहुण्यासारखं, लांबून, कधीतरी आणि अवेळी, तेव्हा बायको पहाटेपासून ड्रम, बादल्या, पातेली, एक जुना हंडा, जे हाताला लागेल ते भरत होती. दहा वाजता मोटार बंद पडली. एकदम शांतता. मी सांगतो, त्या शांततेत काहीतरी होतं. रोज आमच्या दाराशी भुंकणारा कुत्रा गाडीखाली जाऊन बसला. ऊन असं की गच्चीवरच्या टाकीला हात लावला तर कातडी तिथंच राहावी. वारा नाही. झाडाचं पान हलेना. आमच्या भिंतीवरची पालसुद्धा त्या दिवशी चुकचुकली नाही, आणि ती एरवी जाहिरातींनाही दाद देते.

सोऱ्या वरच्या मजल्यावरून यायचा होता. आमच्या बिल्डिंगीत पितळेचा सोऱ्या एकच. मुळात आईचा, पण आता तो कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. दिवाळीला आमच्याकडं, ईदच्या आधी वर खालाकडं शेवेला, मध्ये कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या मुंजीला. खाला म्हणजे आईच्या बरोबरीची, तिचीच मैत्रीण. जग बदललं, सरकारं बदलली, शहराचं नाव बदललं, पण सोऱ्या जिना चढत-उतरत राहिला.

खालाच्या सुनेनं सोऱ्या आणून दिला आणि चकत्यांची पुरचुंडी ठेवून गेली. आई त्या वेळी आपल्या जागेवर, म्हणजे चुलीपासून लांब, स्टुलावर होती. तिनं पुरचुंडी मांडीत घेतली आणि काळ्या चष्म्याआडून बोटांनी एकेक चकती चाचपली. बारीक शेवेची. पट्टीची. गाठीची, म्हणजे मधोमध एक मोठं गोल भोक असलेली. पुन्हा चाचपल्या.

“चांदनीची नाय,” ती म्हणाली.

चांदणीची म्हणजे चकलीची. कडेला टोकं असलेली, जिच्यातून पीठ काटेरी निघतं. तीच नव्हती.

“मी आणते वरून,” बायको म्हणाली आणि गेली. ती गेली ही पहिली चूक. खालाकडं गेलेलं माणूस चहा प्यायल्याशिवाय खाली येत नाही, हे मुकुंदवाडीतल्या पोस्टमनलाही ठाऊक आहे. पुढं बायकोनं मला वरचा सगळा प्रकार सांगितला. खालानं दार उघडल्या उघडल्या म्हटलं, “अगे, चकती तो इधरीच रह गई! छलनी में सूखरी. बैठ, चाय रखी मैं.” बायको म्हणाली, बसत नाही, आई थांबल्यात. खाला म्हणाली, “थांबतीं कायकू नईं? उनो कहां भागरीं?”

पण आई थांबणारी नव्हती. खाली उकड तयार होती. लेकीनं घोटली होती आणि आईनं लांबून दहा वेळा सांगून ती घोटून घेतली होती. उकड ही रागीट बाई आहे. गरम आहे तोवर तुमची, निवली की कुणाची नाही. आईनं पातेल्यावर हात धरला, वाफ कमी झालेली तिला कळली, आणि ती स्टुलावरून उठली.

“चढव तेल,” मला म्हणाली.

“ती चकती आणायला गेलीय.”

“चकतीनं काय व्हतंय? गोल तर गोल. पोटात गेल्यावर समदं गोलच.”

मी तेल चढवलं. आणि घराला कुलूप लागलं.

इथून पुढं सगळं न बोलता घडलं.

माझी लेक कढईच्या पलीकडं उभी होती. आईनं गोल चकती सोऱ्यात बसवली, ओल्या हातानं उकड कोंबली. लेकीनं ते पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या कपाळावर एक आठी आली, मग तिनं मोबाइल उचलून आजीसमोर धरला. फोटोतल्या कांडीवरच्या रेघांवर बोट ठेवलं, मग चकतीच्या गोल भोकाकडं दाखवलं, मग दोन्ही हातांचे पंजे एकदम उघडले. मला वाटलं ती म्हणतेय, चांदणीसारखं पाहिजे. आईला वाटलं ती म्हणतेय, मोठं कर. आईनं मान हलवली. लेकीनं तोंड उघडलं. आईनं तिच्याकडं पाहिलं.

त्या बघण्याबद्दल मी काय सांगू? काळ्या चष्म्यातून एका डोळ्यानं बघितलेलं. त्या नजरेनं काकाचा विंचू मेला असेल, माझी आता खात्रीच आहे. लेकीनं तोंड मिटलं. ही पोरगी कारखान्यात चाळीस माणसांवर ओरडते म्हणे.

तेल तापत होतं. मी अनेक तळणं पाहिलीत. तेल तापताना त्याच्या पोटात हालचाल होते, कडेला सुरकुत्या पडतात, मग वास बदलतो. त्या दिवशी ते नुसतं पडून होतं. आरशासारखं. मला त्यात छत दिसत होतं, छताचा पंखा दिसत होता, आणि आईचा चेहरा दिसत होता, उलटा, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे असलेला. मग स्टेशनातून मालगाडी निघाली. आमची भांडी नेहमीप्रमाणं थरथरली, आणि तेलातला आईचा चेहरा फाटला, जुळला, फाटला. गाडी संपेना. इतकी लांब मालगाडी मी त्याआधी पाहिली नाही. ती बहुतेक अजूनही जात असावी.

आईनं पहिलं वेटोळं झाऱ्यावर पाडलं. सरळ कांडी नाहीच. तिच्या हाताला सरळ ठाऊक नव्हतं. अंगठ्याएवढं जाड, गोल, गुळगुळीत, कुठंही रेघ नाही, काटा नाही, चीर नाही. आणि मग तिनं ती गोष्ट केली, जी आपल्याकडची कुठलीही बाई झोपेतसुद्धा करेल आणि मेक्सिकोत कुणी करणार नाही. वेटोळ्याचं टोक घेतलं आणि आतल्या बाजूला दाबून बंद केलं. चकलीचं करतात तसं. उलगडू नये म्हणून. ओलं बोट फिरवून सांधा असा मिटवला की मुंगीलासुद्धा वाट सापडू नये.

ते तेलात गेलं.

भाजणीची चकली तेलात गेली की कशी बडबडते. नवी सून माहेरी आल्यासारखी. बुडबुडे, फेस, चुरचुर. हे गेलं आणि तळाशी बसलं. चार बुडबुडे आले, आपण चुकून आलो असं वाटून परत गेले. मग तोंडं बंद ठेवून उभे असलेले आम्ही तिघं, आणि तोंड बंद ठेवून पडलेलं ते.

ते वर आलं. हळूहळू. फिकट.

आईनं डोकं वाकडं केलं. तिला रंग बघायचा होता. तळणाचं घड्याळ म्हणजे रंग, दुसरं तिच्याकडं कधीच काही नव्हतं. सकाळीच ती म्हणाली होती, “ह्या चष्म्यातनं समदंच करपल्यालं दिसतंय. तुमची तोंडंबी.” तिनं हात वर नेला. मला कळलं ती काय करतेय. लेकीलाही कळलं, कारण तिनं ओट्याची कड घट्ट धरली. आईनं चष्मा कपाळावर ढकलला, आणि जसं मोत्याचा पिवळेपणा बघायला सराफ वाकतो तशी ती कढईवर वाकली.

तेव्हा ते फुगायला लागलं.

आधी एका बाजूला. जसा झोपलेल्या माणसाच्या पोटात श्वास भरावा. मग शेजारी. गुळगुळीत कातडी ताणत गेली, चमकायला लागली. त्याच्या आतून एक आवाज येत होता, अगदी बारीक, शिट्टीच्या आधीचा. मी बटणावर हात ठेवून आईच्या बोटाकडं बघत होतो. बोट हलत नव्हतं. तिला ते बघायचं होतं. आयुष्यभर तळलेल्या बाईला तळणात पहिल्यांदाच काहीतरी नवीन दिसत होतं, आणि ती आणखी खाली वाकली.

आणि दारातून बायको ओरडली.

आई दचकली. कढईपुढं माणूस बोललं! या घरात! तिनं तो गुन्हेगार बघायला गर्रकन मान वळवली, दाराकडं, रागानं, आणि त्याच क्षणी ते फुटलं.

फुटलं म्हणजे मी तुम्हाला काय सांगू. दिवाळीत पोरं नारळाच्या करवंटीखाली सुतळी बॉम्ब लावतात, तसं. कढई ओट्यावरून वीतभर उठली. तेलाचा एक पडदा उभा राहिला, मी पाहिला, त्याच्यातून मला पलीकडची माझी लेक पिवळी दिसली. छताच्या पंख्यापर्यंत तेल गेलं. तो डाग अजून आहे, पाहुण्यांना मी तो दाखवतो आणि डाग दर वर्षी जरा मोठा होतो. एक तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटला. एक माझ्या बनियनवर पडला आणि तिथं बसून चुरचुरत राहिला, जे काम त्यानं कढईत करायला हवं होतं.

मी गॅस बंद केला. असं मी सांगतो. लेक सांगते की पप्पा आजीच्या मुठीची वाट बघत उभे होते.

आई खाली बसली होती. ओट्याला टेकून. एक हात मानेवर, कानाच्या मागं, आणि दुसऱ्या हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर घट्ट.

“आई!” बायको तिच्याजवळ गुडघ्यावर. “आई, डोळ्यात गेलं का? आई, बोला. डोळ्यात गेलं?”

आई काही बोलली नाही.

“आजी, हात काढ. एकदा हात काढ गं.”

आईनं हात काढला नाही. तिनं मानेवरचा दुसरा हात काढला, आमच्यासमोर धरला, आणि मूठ आवळली. बंद.

“बंद केलाय,” मी म्हणालो.

तिनं पुन्हा मूठ आवळली. मग मला कळलं. गॅस बंद होता, पण तेल तापलेलंच होतं. कढई अजून कढईच होती. ती बोलणार नव्हती.

आम्ही तिला तशीच उचलून रिक्षात घातलं. मानेवर ओलं फडकं, त्याखालची कातडी लालभडक, फोड वर येताना डोळ्यांदेखत दिसत होते. तळवा डोळ्यावरच. जालना रोडला लागलो तरी ती गप्प. बायको म्हणत होती, “आई, आता तर आपण घरात नाही. तेल लांब राहिलं. एक शब्द बोला.” रिक्षावाला आरशातून मागं बघत होता. मी त्या हाताकडं बघत होतो, सुरकुतलेला, मैदा वाळलेला हात, आणि त्याच्या आड काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. माझ्यासारख्या बाष्कळ माणसाला त्या वाटेवर सांगायला एकही गोष्ट सुचली नाही. लेक रिक्षाबाहेर बघत होती. वरून एक विमान उतरायला आलं, फार खालून, त्याची सावली रिक्षावरून गेली. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आई सोडून.

डॉक्टरीणबाईंनी तो तळवा एकेक बोट करून उचलला. दिवा मारला. खालचं पाहिलं, वरचं पाहिलं. त्या पाहत होत्या तेवढ्या वेळात माझे उरलेले केस पिकले, जे तुम्हाला आता दिसतायत ते त्याच दिवशीचे. पापणीच्या कडेला, बाहेरच्या कोपऱ्यात, एक बारीक फोड होता, मोहरीएवढा. आत काही नव्हतं.

“काय केलंत, आजी?”

“चकली,” आई म्हणाली. तिचा पहिला शब्द.

डॉक्टरीणबाई तिला काही बोलल्याच नाहीत, आम्हाला बोलल्या, आणि जे बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी म्हणाल्या, “कानापासून मानेपर्यंत सगळं तेल एका बाजूनं आलंय. ह्यांनी तोंड फिरवलं नसतं तर ते सगळं समोर आलं असतं. कळतंय का तुम्हाला? सगळं.”

त्या रात्री लेकीनं मला मोबाइलवर दाखवलं. गोल केलं की वाफ आत कोंडते, बाहेर पडायला जागा नसते. चांदणीच्या टोकांमुळं कातडी पातळ राहते, रेघांतून वाफ निघते. म्हणून तिकडं कुणी गोल करत नाही. हेच ती आजीला पंजे उघडून सांगत होती. मोठं कर नव्हे. फुटेल.

दुसऱ्या दिवशी बायकोनं आणि लेकीनं चांदणीची चकती लावून ते चुरोस केले. मुद्दाम. तेल चढल्यापासून उतरेपर्यंत दोघी बोलत होत्या, मोठ्यानं, काहीही. भाजीचे भाव, कारखान्यातला साहेब, खालाचा चहा. लेकीनं तर मध्येच विचारलं, “किती राहिलं गं आई अजून?” आणि दोघी कढईकडं बघत थांबल्या. काही झालं नाही. तेल चुरचुरत राहिलं. आई बाहेरच्या खोलीत खाटेवर, मान बांधलेली, भिंतीकडं तोंड करून, सगळं ऐकत होती. तिच्यापुढं ताटली ठेवली, दालचिनी-साखर लावलेली. तिनं तीन खाल्ले. बोटांची साखरही चाटली. माझ्या बायकोकडं मात्र तिनं पाहिलं नाही. रिक्षातून आल्यापासून नाही.

लेक गेली त्या दुपारी आम्ही आईला धरून गच्चीवर नेलं. लेकीबरोबर विमानतळावर तिचा मामा गेला होता, कारण आईला सोडून आम्ही जाणार नव्हतो. बायको आईच्या डाव्या हाताला, मी उजव्या. विमान उठलं, आमच्यावर आलं. पोट दिसलं, चाकं आत गेली, खिडक्यांची रांग दिसली. आईनं काळ्या चष्म्यातून, मान पट्टीनं आखडलेली, शरीरच मागं वाकवून ते पाहिलं. जटवाड्याच्या डोंगरांवर ते ठिपका होईपर्यंत पाहिलं. आम्हाला दिसेनासं झाल्यावरही ती म्हणत होती, “दिसतंय अजून, दिसतंय.” तिच्या गालावरून पाणी आलं ते चष्म्याच्या खालून, एकाच बाजूनं.

बायको पदर तोंडाला लावून जिन्याकडं गेली.

मला वाटलं, आता तरी. मी आईला म्हणालो, “आई, ही त्या दिवशी ओरडली नसती, तर आज तुला हे दिसलं असतं का?”

आई आभाळाकडंच बघत होती.

“ती वरडली म्हनून फुटलं,” ती म्हणाली.